चित्र, स्वर आणि अक्षर एकाच पाटीवर



मागे एकदा दिंडोरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. गाव वणीच्या रस्त्यापासून थोडे आत. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मध्ये शाळेची बैठी इमारत. एका खोलीत भिंतीवर पडदा लावलेला आणि टेबलावर संगणक. त्यावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी घरचा विणलेला रुमाल घातला होता. गुरुजींनी रुमाल काढून घडी करून ठेवला आणि पाचवीच्या मुलांना पानाच्या आत अन्न कसे तयार होते, ते हलत्या चित्रांतून दाखवले. निवेदन शुद्ध, स्पष्ट, अगदी पुस्तकी. मुले गप्प बसून पाहत होती. पाठ संपल्यावर गुरुजी मला म्हणाले, “साहेब, याला बहुमाध्यम म्हणतात, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं. पण चित्र आणि आवाज एकत्र तर सिनेमातही असतात. आमच्याकडच्या बोहाड्यात सोंग असतं, संबळ असतो, गाणं असतं. मग या यंत्रानं नवीन केलं तरी काय?”

प्रश्न अगदी सरळ होता आणि मला तिथल्या तिथे त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

गुरुजींचे पहिले म्हणणे खरेच आहे. चित्र, स्वर आणि शब्द एकत्र बांधण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. तळकोकणात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी म्हणून ओळखले जातात. रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेली कागदाची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्याच्या साथीवर कथा गाऊन सांगायची, असा त्यांचा खेळ. चित्रांच्या अशा एका जुडग्याला पोथी म्हणतात. बघणाऱ्याला वाचता येत नसले तरी अडत नाही. डोळ्यांना चित्र आणि कानांना कथा, दोन्ही मिळते.

पुढे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी याच हौसेला दिव्याची जोड दिली. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्याने चित्रे रंगवायची, त्यांच्यामागे प्रखर दिवा ठेवायचा आणि भिंगातून ती पडद्यावर मोठी करून दाखवायची. 1892 च्या सुमारास मदनराव पितळे यांच्या साहाय्याने त्यांनी हे खेळ सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. नाव उच्चारायला जरा जड आहे खरे! पण शंबरासुराची माया पडद्यावर अवतरते, ही त्यातली कल्पना मोठी मजेची आहे. चित्राबरोबर निवेदन, संवाद आणि संगीत असे. चित्र हलल्याचा भास व्हावा म्हणून ते पट्ट्या सफाईने बदलत. हिंदुस्थानात सिनेमाचा पहिला खेळ झाला 1896 साली, मुंबईत. त्याच्या आधीची ही गोष्ट.

आणि दादासाहेब फाळके तर नाशिक जिल्ह्यातलेच. 1870 साली त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवला. शिक्षकांनी मात्र त्यांची त्याहून जुनी एक छोटी करामत लक्षात ठेवावी. हरिश्चंद्राला भांडवल मिळावे म्हणून त्यांनी 1912 साली कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा रोखून ठेवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत गेले. ती चित्रे सलग दाखवल्यावर बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाण्याला कोंब फुटला आणि वेल वर चढला. काळाचे तुकडे करायचे आणि ते हवे तसे जोडायचे, ही युक्ती नीट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

फाळक्यांचे ते चित्रपट मुके होते. चित्रांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या येत, तंबूत कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी आणि पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे. 1931 साली ‘आलम आरा’ बोलला, 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला आणि आवाज चित्राच्या फितीवर जाऊन बसला. म्हणजे गुरुजी म्हणतात त्याप्रमाणे चित्र आणि आवाज यांचे लग्न संगणकाच्या पुष्कळ आधी लागलेले होते.

पण त्या लग्नात दोन उणिवा होत्या. एक अशी की, माल वेगवेगळ्या जातीचा होता. अक्षर कागदावर, गाणे तबकडीवर, चित्र फितीवर. प्रत्येकाचे यंत्र निराळे, कारागीर निराळा आणि मरणही निराळे. फाळक्यांनी जे काढले त्यातले फारच थोडे उरले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज पाहायला मिळतो. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथल्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबाकडे जाऊन जुन्या फितींचे तुकडे मिळवले, म्हणून 1919 चा ‘कालिया मर्दन’ आपल्याला दिसतो आणि त्यात कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी दिसते. फीत कुजते, तिची नक्कल काढावी तर ती मुळापेक्षा फिकी निघते, तिची पुन्हा नक्कल काढली तर आणखी फिकी. दुसरी उणीव अशी की, बघणाऱ्याला तिथे काही म्हणता येत नव्हते. खेळ सुरू झाला की शेवटापर्यंत बघत बसायचे. “थांबा हो, मघाचा तो प्रसंग पुन्हा दाखवा,” असे चित्रकथ्याला सांगता येई, पण सिनेमाच्या यंत्राला नाही. आपल्या आकाशवाणीचेही तेच. मी बोलतो आहे, तुम्ही ऐकता आहात. तुम्हाला शंका आली तरी माझे बोलणे काही थांबत नाही.

संगणकाने या दोन्ही उणिवा भरून काढल्या. पहिली कशी भरली ते आधी सांगतो.

संगणक आतून फक्त अंक ओळखतो. तेही दोनच, शून्य आणि एक. बाकी सगळे अंक तो या दोहोंतून उभे करतो. म्हणून कोणतीही वस्तू संगणकात घालायची तर तिचे आधी अंकांत पीठ करावे लागते. अक्षराचे पीठ सोपे. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा. आज जगभर चालणाऱ्या ‘युनिकोड’ या पद्धतीत ‘दिंडोरी’ हा शब्द 2342, 2367, 2306, 2337, 2379, 2352, 2368 असा लिहिला जातो. द, वेलांटी, अनुस्वार, ड, ओकार, र आणि दुसरी वेलांटी, असे हे सात क्रमांक. शिक्षकांनी फळ्यावर लिहून बघावेत, मुलांना गंमत वाटेल.

आवाजाचे पीठ कसे करायचे? त्यासाठी आपण कादवा नदीवरच्या करंजवण धरणावर जाऊ. पावसाळ्यात धरणाच्या पाण्याची पातळी ठरावीक वेळाने मोजून वहीत लिहिली, तर नुसत्या त्या आकड्यांवरून आलेखाच्या कागदावर पाणी कसे चढले-उतरले त्याची वक्ररेषा काढता येईल की नाही? पाणी समोर नसले तरी चालेल. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचे असेच चढ-उतार. फक्त ते फार भराभर होतात. म्हणून 1982 साली बाजारात आलेल्या चकचकीत गाण्याच्या तबकडीवर, जिला सीडी म्हणतात, तिच्यावर आवाज एका सेकंदात 44,100 वेळा मोजून लिहिलेला असतो. ते आकडे त्याच क्रमाने ध्वनिक्षेपकाला दिले की लताबाई पुन्हा गातात. आणि आकड्यांची नक्कल फिकी पडत नाही. 44 ची नक्कल 44 च.

चित्राचे पीठ तसेच. चित्रावर बारीक जाळी ठेवायची आणि प्रत्येक घरातला रंग तीन आकड्यांनी लिहायचा: लाल किती, हिरवा किती, निळा किती. आणि हलते चित्र म्हणजे फाळक्यांचा वाटाणा! एका सेकंदाला अशी पंचवीस चित्रे.

इथे संशोधक अडले. हिशेबच करून बघू. त्या काळच्या संगणकाच्या पडद्यावर आडवी 640 आणि उभी 480 घरे. गुणाकार केला की 3,07,200 घरे होतात. प्रत्येक घराला तीन आकडे, म्हणजे एका चित्राला 9,21,600. सेकंदाला पंचवीस चित्रे म्हटली की 2,30,40,000 आकडे. एका तबकडीवर साधारण 65 कोटी आकडे मावत. भागाकार केला तर संबंध तबकडीवर जेमतेम अठ्ठावीस सेकंदांचा सिनेमा! शिवाय पहिली यंत्रे तबकडीवरून सेकंदाला दीड लाख आकडेच वाचत. एक सेकंदाचे चित्र दाखवायला अडीच मिनिटे लागायची. अशाने कसले बहुमाध्यम?

दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला यातून वाट कशी काढायची हे वेगळे सांगायला नको. ताजे द्राक्ष जड, नाजूक आणि जागा खाणारे. त्यातले पाणी काढा, बेदाणा करा. वजन उतरते, टिकाऊपणा वाढतो आणि गोडी राहते. संगणकातल्या चित्राचाही बेदाणा करता येतो. निळ्या आभाळाच्या चौकोनी तुकड्यात चौसष्ट घरे असतील तर “निळा, निळा, निळा” असे चौसष्ट वेळा लिहायचे कशाला? ढोबळ रंग एकदा लिहावा, त्यातले मोठे चढ-उतार लिहावेत आणि डोळ्याला न जाणवणारे सूक्ष्म फरक सोडून द्यावेत. हे नेमके कसे करावे याचे गणित बसवले ते बंगळूरमध्ये 1940 साली जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवत होते. 1972 साली या संशोधनासाठी त्यांनी तिथल्या शासकीय विज्ञान निधीकडे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. गृहस्थ हटले नाहीत. 1973 च्या उन्हाळ्यात पगाराविना ते काम करत राहिले आणि 1974 च्या जानेवारीत टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. 1992 साली छायाचित्रांची ‘जेपेग’ ही पद्धत आणि पुढच्या वर्षी चलच्चित्रांची ‘एमपेग’ ही पद्धत जगाने प्रमाण मानली. दोन्हींच्या मुळाशी हे गणित आहे. आज तुमच्या मोबाइलवर लग्नाचा फोटो येतो तो याच मार्गाने. मात्र बेदाण्याचे पुन्हा द्राक्ष होत नाही, तसेच इथेही आहे. सोडून दिलेले बारकावे परत येत नाहीत. म्हणून फार मोलाची वस्तू असेल तर तिची मूळ, जड प्रत वेगळी जपावी. आमच्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून हे फार थोडे लोक पाळतात.

आता दुसरी उणीव, बघणाऱ्याला बोलता न येण्याची. ती भरून काढण्याची धडपड संगणकाच्या आधी आकाशवाणीने करून पाहिली होती आणि तिच्यात नाशिक जिल्हा होता, हे आज कितीजणांना ठाऊक आहे? 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, तेव्हाचे अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला लिहून पाठवत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. पुढे 1959 पासून ही कल्पना देशभर नेली गेली. माझ्या मते आपल्या नभोवाणीच्या इतिहासातला हा फार मोठा दिवस होता. फरक एवढाच की, प्रश्न टपालाने जाई आणि उत्तराला दिवस लागत.

त्यानंतर बारा वर्षांनी, 9 डिसेंबर 1968 रोजी, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने सभागृहासमोर दीड तास एक प्रात्यक्षिक केले. हाताखाली एक लहानशी डबी. ती टेबलावर सरकवली की पडद्यावरचा ठिपका सरके. तोच आजचा माऊस. एखाद्या शब्दावर ठिपका नेऊन दाबले की त्या शब्दाशी जोडलेले दुसरे पान उघडे. अक्षरे, आकृत्या आणि कित्येक मैल दूर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा व आवाज, सगळे एकाच पडद्यावर. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुढे काय दिसायचे ते बघणारा ठरवत होता. गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या दिवशी मिळाले होते.

मधला प्रवास भराभर सांगतो. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली स्वतः बांधलेला संगणक चालू केला. पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव मिळाले. त्याला आकृत्या दाखवणारा पडदाही होता, पण ते यंत्र शास्त्रज्ञांचे. घरगुती संगणकावर चित्र आणि माऊस 1984 नंतर आले, रंग आणि आवाज पाठोपाठ आले, आकडे साठवणाऱ्या तबकड्या त्याच सुमारास निघाल्या आणि 1991 साली ‘मल्टिमीडिया पीसी’ अशी छाप मारलेले संगणक विकायला आले. कोशाचे वीस-पंचवीस खंड एका तबकडीवर बसले. ‘सिंह’ शब्द काढला की सिंह दिसे आणि गर्जनाही ऐकू येई.

पण हा सिंह इंग्रजीत होता! आपल्या विषयातला मला सर्वांत लागणारा भाग इथे आहे. चित्राला भाषा नाही, सुराला लिपी नाही, म्हणून ती दोन्ही संगणकात लवकर शिरली. मराठी अक्षर मात्र उंबऱ्याबाहेर राहिले. इंग्रजीची सव्वीस अक्षरे वेगवेगळी उभी राहतात. आपली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी बसते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत 1980 च्या दशकात यावर काम झाले आणि ते काम घेऊन मोहन तांबे पुण्याला 1988 साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेत आले. ‘जिस्ट’ नावाची एक पाटी संगणकात बसवली की देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. 1991 साली भारतीय मानक संस्थेने अक्षरांचे क्रमांक ठरवून दिले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला जागा मिळाली. तरीही पुढची पंधरा-वीस वर्षे घोळ चालू होता. प्रत्येक छापखान्याचा अक्षरसंच वेगळा, त्यामुळे एका संगणकावरचे मराठी दुसऱ्यावर उघडले की शेण-मातीसारखे काहीतरी दिसे. मी स्वतः एका नियतकालिकाला पाठवलेला लेख असा गिचमिड होऊन परत आला होता आणि वर संपादकांची चिठ्ठी, “कृपया मराठीत पाठवावा.” आता तो घोळ पुष्कळ निवळला आहे. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो युनिकोडच्या आधारावर.

चित्र, स्वर आणि अक्षर तिन्ही एका पाटीवर आली, म्हणजे काय झाले, याचे महाराष्ट्रातले सर्वांत सुंदर उदाहरण शहरी नाही. ते जात्याचे आहे.

पहाटे उठून जात्याचा खुंटा धरायचा, पाळूत दाण्याची मूठ टाकायची आणि ओवी म्हणायची, हे आपल्या आयाबायांनी किती पिढ्या केले असेल! गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर ओवीही जाऊ लागली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी 1980 च्या दशकात मुळशी-मावळच्या खेड्यांतून या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे हे काम हजाराहून अधिक गावांत पोचले आणि ओव्यांची संख्या लाखावर गेली. लाख ओव्या कागदावर असल्या तर त्यातली हवी ती कशी शोधायची? बर्नार बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक या कामात सामील झाले. ओव्यांची विषयवार नोंद संगणकात झाली आणि 1990 च्या दशकात बायकांचे आवाजही अंकांत ध्वनिमुद्रित झाले. 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, या इंटरनेटवरील संग्रहातून हा ठेवा क्रमाक्रमाने सगळ्यांसाठी खुला होत आहे. ओवीचे शब्द वाचा, त्याच बाईच्या आवाजात ती ऐका, तिचे छायाचित्र पाहा, तिचे गाव वाचा, इंग्रजीत अर्थ वाचा. लेकीच्या सासुरवासावरची ओवी ऐकून झाली की त्याच विषयावरची दुसऱ्या गावच्या बाईची ओवी शोधता येते. त्या दोघी एकमेकींना कधीच भेटलेल्या नसतात.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर हे. सिनेमा दाखवायला पैसा, कारखाना आणि तंबू लागे. अंकांचे पीठ मात्र कुणालाही दळता येते. ज्या बाईला कुठल्याही ग्रंथात जागा मिळाली नसती, तिचा आवाज ग्रंथापेक्षा दूर गेला.

शाळांपर्यंत हे लोण कसे आले, तेही थोडे सांगतो. पुण्यात 1984 साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली, मुलांसाठी तिने दूरदर्शनवर पुष्कळ कार्यक्रम दिले, 2017 साली ती बंद झाली. त्याच साली केंद्र सरकारची ‘दीक्षा’ ही सोय निघाली आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावर ठिपक्यांचे चौकोनी चिन्ह आले. त्याच्यापुढे मोबाइल धरला की धड्याचे चित्र किंवा कविता उघडते. या चौकोनाची कल्पना आपल्याकडे आधी राबवली ती सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले या शिक्षकाने. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्याच 2020 साली साथीमुळे शाळांना कुलपे लागली आणि मोबाइलची रेघ ज्या पाड्यावर पोचत नव्हती तिथली मुले मागे राहिली. तेव्हा पुन्हा दूरदर्शन आणि आकाशवाणी कामाला आली, हेही सांगून ठेवतो. आमच्या जुन्या पेटीला अगदीच मोडीत काढू नका.

आता पुन्हा दिंडोरीच्या त्या वर्गात. मुले गप्प बसून पाहत होती असे मी म्हटले. शाळा सुटल्यावर तीच मुले पटांगणात आपसात कोकणा बोलीत भराभर बोलत होती. दिंडोरीचा पश्चिमेकडचा भाग आणि पलीकडे पेठ, सुरगाणा इथे कोकणा, महादेव कोळी, वारली ही मंडळी राहतात. त्यांच्या घरातली बोली पडद्यावरच्या निवेदकाला ठाऊक नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने 2017 पासून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते इंटरनेटवर ठेवले आहे. पण एका संस्थेने किती गावे फिरावे? पाड्यावर रोज जाणारा माणूस शिक्षकच.

म्हणून मी त्या गुरुजींना पत्र लिहिले. पाचवीच्या मुलांना आपापल्या आजीकडे पाठवा, मोबाइल घेऊन. पेरणीच्या वेळी काय म्हणायचे, बोहाड्यात कोणते सोंग कुणाच्या मागून निघते, दुष्काळात कोणता कंद खाल्ला, एवढे विचारायला सांगा. आधी आजीला विचारा, “तुझं बोलणं साठवून ठेवू का, शाळेत ऐकवू का?” ती नको म्हणाली तर नको. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला मुलाने तिचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने म्हणावी, म्हणजे वही हरवली तरी नोंद आवाजातच राहील. पंखा बंद ठेवावा आणि कोंबड्यांना थोडे लांब हाकलावे. ती बोलली तसेच बोलीतले शब्द देवनागरीत लिहावेत, शुद्ध करू नयेत. चित्र मुलांनीच काढावे, कंदाचे, नांगराचे, सोंगाचे. तिन्ही एका पानावर जोडायला सहावी-सातवीच्या मुलांना आठवडा पुरतो. मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती कराव्यात, एक शाळेत आणि एक दुसऱ्या गावी.

गुरुजींचे उत्तर आले आहे. मोबाइलवर एक तुकडा पाठवला आहे, तीन मिनिटे आणि काही सेकंदांचा. आजी पावसाआधी डोंगरातून आणायच्या भाज्यांची नावे सांगते आहे आणि नातू मध्येच विचारतो, “आणि ही कडू लागते ती कोणती?” आजी हसते. कोंबडा काही हाकललेला नाही, तो दोनदा आरवतो.